खर्जातली दहा गाणी

१९९९ सालची गोष्ट. मुंबईत केम्प्स कॉर्नरला एका साध्याशा हॉटेलात चौसष्ट वर्षांचे एक परदेशी गृहस्थ येऊन उतरले. सामान बेताचे, बोलणे हळू, वागणे कमालीचे अदबशीर. सकाळ झाली की ते पायी निघत आणि गामाडिया रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, बँकेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या बैठकीला जाऊन बसत. तिथे प्रश्नोत्तरे चालत, मधूनच हसणे होई, आणि बैठक उठली की ज्याचा तो आपल्या वाटेने जाई. हे पाहुणे मग समुद्रकाठच्या क्लबात पोहायला जात, आणि उरलेला दिवस खोलीत वाचण्या-लिहिण्यात घालवीत. रस्त्यात त्यांना क्वचितच कोणी ओळखीत असे.

या गृहस्थांचे नाव लेनर्ड कोहेन. युरोप-अमेरिकेत 'रॉक' म्हणून जे संगीत गाजले त्यातले हे एक बडे प्रस्थ. 'रॉक' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झिंज्या वाढवलेले, गिटार बडवीत आरडाओरडा करणारे तरुण उभे राहतात. कोहेन त्यांतले नव्हेत. ते मुळात कवी. गाणे त्यांना तिशीनंतर लागले, आणि तेही असे की शेजारच्या खोलीत मूल झोपले असावे आणि ते जागे होऊ नये अशा बेताने म्हटलेले. तरी त्या पंथाच्या मंडळींनी २००८ साली त्यांना आपल्या मानकऱ्यांच्या यादीत सन्मानाने बसवले.

महाडातल्या एका निवृत्त शाळामास्तराला या साहेबाचे काय एवढे कौतुक, असे वाचक विचारतील. विचारणे रास्तच आहे. कारणे दोन आहेत. पहिले, त्या गामाडिया रोडवरच्या बैठकीचा धागा मागे ओढीत गेले तर तो आपल्या कोकणात येऊन पोचतो. दुसरे कारण पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते, वय वर्षे पाऊणशे. त्यांची गाठ पुढे पडेलच.

कोहेन यांचा जन्म १९३४ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी, एका खात्यापित्या ज्यू कुटुंबात झाला. नवव्या वर्षी वडील गेले. बाविसाव्या वर्षाच्या आत पहिला कवितासंग्रह आला. पुढे ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर राहून कादंबऱ्या लिहिल्या, त्यांनी नाव झाले पण पोट भरेना. तेव्हा गाण्याकडे वळून १९६७ साली पहिली तबकडी काढली. त्यानंतरची पंचवीस वर्षे चढउताराची. १९८४ साली त्यांनी एक तबकडी तयार केली, ती अमेरिकेतल्या कंपनीने 'आमच्याकडे नको' म्हणून बाजूला सारली. त्याच तबकडीत 'हॅलेलुया' हे गाणे होते. आज ते जगभर शेकडो गायक गातात. त्या एका गाण्यासाठी त्यांनी कडव्यांमागून कडवी लिहून वह्या भरल्या होत्या आणि त्यांतली मोजकी ठेवून बाकीची टाकून दिली होती. एकेका गाण्याला वर्षेच्या वर्षे लावणारा हा माणूस. आपल्याकडच्या सिनेमावाल्यांनी त्यांना एक दिवसही ठेवून घेतले नसते!

१९९२ साली त्यांची एक तबकडी आली, तिच्यामागून दौरा झाला, आणि मग कोहेन गाण्याच्या जगातून उठून गेले. दारू, दौऱ्यांचा शीण, आणि तरुणपणापासून मानेवर बसलेले औदासीन्य यांनी त्यांना पुरते पिळून काढले होते. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी नावाच्या डोंगरावर जपानी झेन पंथाचा एक मठ आहे. तिथले गुरू जोशू सासाकी रोशी हे त्यांचे जुने स्नेही. १९९४ पासून कोहेन तिथेच राहू लागले. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, थंडीत कुडकुडत ध्यानाला बसायचे, झाडलोट करायची, आणि गुरूचा स्वयंपाक करायचा. १९९६ साली त्यांना रीतसर दीक्षा मिळाली आणि नवे नाव मिळाले 'जिकान'. त्याचा अर्थ, मौन. गवयाला मौन हे नाव देणारा गुरू मोठा खट्याळ असला पाहिजे.

आमच्या महाडपासून जवळच शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरून घेतला तो याच घळीत, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात तिथे गेलात तर धबधब्याचा आवाज असा भरून राहतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. डोंगरात जायचे आणि काही घेऊन खाली यायचे, ही कल्पना आम्हांला लहानपणापासून पाठ आहे. म्हणूनच कोहेन यांच्या बाबतीत घडले ते मला विशेष वाटले. पाच वर्षे डोंगरावर काढूनही त्यांचे औदासीन्य गेले नाही. उलट वाढले. १९९९ च्या आरंभी त्यांनी गुरूची रजा मागितली आणि ते खाली उतरले. बरोबर कवितांच्या वह्या होत्या. पण चाली नव्हत्या, साथीदार नव्हते, आणि आवाज आधीच घसरत होता तो आणखी खाली गेलेला. उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी गाठली ती मुंबई.

गामाडिया रोडवरचे ते निवृत्त गृहस्थ म्हणजे रमेश बाळसेकर. लंडनमध्ये शिकलेले, बँक ऑफ इंडियात अगदी वरच्या पदापर्यंत चढलेले, घरी बायकामुलांत राहणारे. त्यांचे एक पुस्तक कोहेन यांनी डोंगरावर असतानाच वाचले होते. बाळसेकरांचे गुरू कोण? खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज. मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म मुंबईचा, १८९७ चा, पण बालपण गेले मालवणाजवळच्या कांदळगावी. मुंबईत त्यांनी विड्यांचे दुकान घातले, संसार केला, आणि राहत्या घराच्या पोटमाळ्यावर बसून मराठीत जे बोलले ते ऐकायला देशोदेशींची माणसे त्या अरुंद जिन्याने चढून येऊ लागली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरने त्यांची संभाषणे इंग्रजीत आणली आणि १९७३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. बाळसेकरही दुभाषाचे काम करीत. महाराज मराठीत बोलत, हे समोरच्या साहेबांना इंग्रजीत सांगत. म्हणजे कांदळगावच्या मराठीतली एक गोष्ट खेतवाडीच्या पोटमाळ्यावरून इंग्रजीत शिरून गामाडिया रोडवर आली आणि तिथे एका कॅनेडियन कवीच्या कानी पडली. गोष्ट काही नवी नाही. आपल्या संतांच्या घरची जुनीच आहे. घटना घडतात, कामे होतात, पण 'मी केले' म्हणणारा कर्ता शोधू गेलात तर सापडत नाही.

इथे मला एक सांगून टाकले पाहिजे. 'साहेब भारतात आला, त्याला शांती लाभली' या थाटाच्या कथांचा मला कंटाळा आहे. कोहेन यांनी स्वतः तसा दावा कधी केला नाही. त्याच सुमारास त्यांचे आयुष्यभराचे औदासीन्य हळूहळू उतरत गेले हे खरे, पण ते कशाने गेले हे आपल्याला सांगता येणार नाही, वयाचाही तो गुण असेल, असे ते मुलाखतींत म्हणत. २००३ पर्यंत ते पुन्हा पुन्हा मुंबईला येत राहिले. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, बाळसेकरांनी त्यांना गाणे सोडा म्हटले नाही, गा म्हणूनही सांगितले नाही. बैठक उठली की घरी जायचे.

लॉस एंजेलिसला परतल्यावर नव्या तबकडीचे काम सुरू झाले, आणि ते ज्या रीतीने झाले तीच या लेखाची खरी गोष्ट आहे.

शेरन रॉबिन्सन ही त्यांची जुनी सहकारी. १९७९-८० च्या दौऱ्यात ती त्यांच्यामागे गायली होती, आणि एक-दोन गाजलेल्या गाण्यांच्या चाली दोघांनी मिळून बांधल्या होत्या. कोहेन यांनी तिला सांगितले की ही पुरी तबकडी आपण दोघांनीच करू. मोठा स्टुडिओ नाही, वादकांचा ताफा नाही, तासावर भाडे नाही. कोहेन यांच्या घरी मोटारीच्या गॅरेजवर एक खोली होती, तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली. शेरनच्याही घरी तशीच सोय होती. हे तिला शब्द द्यायचे. ती आपल्या घरी कीबोर्ड आणि संगणक यांवर चाल बांधून, ताल-साथ भरून कच्चे मुद्रण करायची आणि घेऊन यायची. मग हे त्यावर आपला आवाज चढवायचे. लिॲन उंगर ही त्यांची अनेक वर्षांची ध्वनिमुद्रिका; म्हणजे ध्वनिमुद्रण करणारी बाई. (मराठीत तबकडीला आणि ती मुद्रित करणारणीला एकच शब्द व्हावा, ही गंमतच.) तिने सारे जुळवायचे.

ती साथ तात्पुरती होती. पुढे खरे वादक बोलावून पुन्हा वाजवून घ्यायचे असा बेत होता. पण ऐकता ऐकता कोहेन यांना ते कच्चेच आवडू लागले. एका गाण्यात गिटार आली, एकात व्हायोलिनांचा ताफा आला, बाकी बहुतेक सारे शेरनने एकटीने घरी बसून केले तसेच राहिले. तिचा आवाजही नमुन्यापुरता होता, तोही राहिला. म्हणूनच त्या दहा गाण्यांत जवळजवळ सगळीकडे दोन आवाज ऐकू येतात. खाली जमिनीसरपट चाललेला म्हाताऱ्याचा खर्ज, आणि त्याच्या वर, त्याला हात न लावता पण पडूही न देता चाललेला बाईचा स्वर. गोंधळी-शाहिरांच्या मागे झीलकरी असतात ना, तसा. फक्त झीलकरी जोरात म्हणतात, ही हळूच म्हणते.

आणि वेळ? गॅरेजवरच्या त्या खोलीला आवाज अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. दिवस उजाडला की पाखरे किलबिलत, मोटारी धावू लागत, आणि ते सारे यंत्रात शिरे. म्हणून कोहेन आपली गाणी म्हणत ती अगदी पहाटे, पाखरे जागी व्हायच्या आत. मठात पहाटे उठायची सवय लागलेलीच होती. आपल्याकडे गवयी खर्ज लावायला बसतात ती हीच वेळ, आणि गावच्या देवळात काकडा होतो तीही हीच. पहाटे गळा जड असतो, तारेत जात नाही, पण खालचे स्वर भरून येतात. कोहेन यांना हे कोणी शिकवले नसावे, पाखरांनी शिकवले.

अशी दोनेक वर्षे गेली. २००१ च्या ऑक्टोबरात 'टेन न्यू साँग्ज' म्हणजे 'दहा नवी गाणी' या सरळ नावाने ती बाहेर आली. कोहेन सदुसष्ट वर्षांचे होते. आधीच्या नव्या गाण्यांना नऊ वर्षे झाली होती. वेष्टनावर दोघांचे चित्र, तेही कोहेन यांनी आपल्या संगणकाच्या कॅमेऱ्यावर घरीच टिपलेले. तबकडी अर्पण केली होती जोशू सासाकी यांना. अमेरिकेत महिन्याभरापूर्वीच न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले होते. तिथे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पण नॉर्वे, डेन्मार्क, पोलंड या देशांत तिचे उत्तम स्वागत झाले.

पुनरागमन म्हटले की लोकांची अपेक्षा असते ती जुनाच माणूस परत येण्याची. तीच गाणी, तीच पट्टी, तोच जोम. तसे करू गेलेले पुष्कळ कलावंत आपण पाहिले, आणि टाळ्या वाजवताना मनात हळहळलोही आहोत. खरे परत आलेले निराळे. कुमार गंधर्वांना ऐन पंचविशीच्या आत क्षयाने गाठले. देवासला वर्षानुवर्षे अंथरुणावर काढून १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले ते एका निकामी फुप्फुसानिशी. जो श्वास उरला त्याच्या मापाने त्यांनी गाणे नवे बेतले, आणि ज्या आखूड झेपेच्या तानांना कमतरता म्हणायचे तीच त्यांची ओळख झाली. कोहेन यांच्या दहा गाण्यांची जात तीच आहे.

आता ते पाऊणशे वयाचे गृहस्थ. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालात की घाटाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत वाड्या लागतात. त्यांतल्या एकीत एक भजनी बुवा आहेत. तरुणपणी ते मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. काळी चार पट्टीत बुवांचा अभंग सुरू झाला की सावित्रीपलीकडे ऐकू जाई, असे त्या भागात सांगतात. थोडी अतिशयोक्ती धरली तरी आवाज खणखणीत होता याला मी साक्षी आहे. मी त्यांच्यामागे पुष्कळदा पेटी धरली आहे. तीन वर्षांपूर्वी एका सप्ताहात वरच्या पंचमाला आवाज फाटला तो फाटलाच. डॉक्टरांनी घसा तपासला. गाठ-बीठ काही नाही, वय झाले, म्हणाले. बुवांनी गाणे बंद केले. मंडळात जाणेही सोडले.

गेल्या साली गणपतीत ते महाडास माझ्याकडे आले ते आपली पेटी एस.टी.तून घेऊनच. "ही ठेवा तुमच्यापाशी, मास्तर," म्हणाले, "माझ्याकडं ती नुसती भात्यात हवा खाते." मी काय बोलणार? चहा ठेवायला सांगितला. मुंबईहून माझा पुतण्या आला होता. तो आपल्या छोट्या ध्वनिवर्धकावर ही कोहेन यांची गाणी लावून बसला होता. बुवांनी जरा वेळ ऐकले.

"हा मानूस गातोय का गाऱ्हानं सांगतोय?"

"गातोय, बुवा."

"वय काय ह्याचं?"

"हे म्हटलं तेव्हा सदुसष्ट."

पुन्हा ऐकले. शब्द त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे गाणे लागले तेव्हा म्हणाले, "बाई वर ऱ्हाते. ह्याला वर जावंच लागत नाही." मग आणखी थोड्या वेळाने, "मास्तर, पट्टी काढा बघू ह्याची." मी त्यांचीच पेटी उघडली. शोधता शोधता माझा हात डावीकडे सरकत पार खालच्या पट्ट्यांवर गेला. बुवा हसले. "इथं तर आमी पेटीला हातच लावला नाय कधी," म्हणाले, आणि तिथेच तोंड मिटून एक हुंकार धरला. तो फाटला नाही.

जेवताना त्यांनी विचारले, "पुढं काय झालं त्याचं?" मी सांगितले ते असे. २००४ च्या सुमारास कोहेन यांच्या ध्यानात आले की, आपण डोंगरावर आणि मुंबईत असताना आपल्या कारभारणीने म्हातारपणाची जवळजवळ सगळी पुंजी परस्पर फस्त केली आहे. कोर्टाने निकाल यांच्या बाजूने दिला, पैसा काही आला नाही. तेव्हा त्र्याहत्तराव्या वर्षी, २००८ च्या मे महिन्यात, पंधरा वर्षांच्या खंडानंतर त्यांनी कॅनडातल्या एका लहान शहरातल्या नाट्यगृहापासून दौरा सुरू केला. शेरन बरोबर होतीच. तीन-तीन तास गात, डोक्यावरची हॅट काढून वादकांना नमस्कार करीत, आणि संपल्यावर पोरासारखे उड्या मारीत आत जात. असे त्यांनी पाच-सहा वर्षांत शेकडो कार्यक्रम केले. पैसा परत उभा राहिला. नव्या तबकड्या आल्या. हयातीतली शेवटची २०१६ साली. पाठीचे मणके खचलेले, चालता येत नव्हते. घरच्या दिवाणखान्यात औषधोपचाराच्या खुर्चीत बसवून मुलगा ॲडम याने बापाचा आवाज टिपून घेतला. मागे गायला माँट्रियलच्या त्याच प्रार्थनामंदिराचे गायकवृंद होते जिथे कोहेन लहानपणी जात. तबकडी २१ ऑक्टोबरला निघाली, ७ नोव्हेंबरला ते गेले.

"कारभारनीनं चोरलं ते बरंच झालं की मग," बुवा म्हणाले. बाकीच्यांना हसावे की नाही ते कळेना.

संध्याकाळच्या गाडीने बुवा परत गेले. जाताना पेटी घेऊन गेले. मी काही बोललो नाही.

पुढे कार्तिकात काकड्याला मी पोलादपूरला मुक्कामी जाऊन पहाटे त्यांच्या वाडीत पोचलो. बुवा मधे बसले होते. पट्टी थेट पांढरी एकवर आणली होती, आणि महाडच्या कॉलेजात शिकणारी त्यांची नात शेजारी बसून वरच्या अंगाने धरीत होती. मंडळातल्या जुन्या माणसांना ते फारसे रुचले नव्हते. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, काकडा आहे का अंगाई? भांडणाचे खरे कारण मात्र निराळेच निघाले. मंडळाचा पखवाज काळी चारचा. इतक्या खाली तो उतरेना; गठ्ठे ठोकून ठोकून पखवाजी टेकीला आला, आणि उतरवला तर नुसता भदभद बोले. खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा पखवाज लागतो. तो नवा घ्यायचा तर वर्गणी काढायला हवी, आणि एका म्हाताऱ्याच्या गळ्यासाठी सगळ्या वाडीने वर्गणी का काढायची, असा सवाल होता. त्यावर दोन रात्री बैठक चालली. अखेर मुंबईकर मंडळींनी निम्मे पैसे पाठवायचे कबूल केले.

पखवाज माघात आला. तो पहिल्यांदा वाजला त्या पहाटे बुवांनी चार अभंग म्हटले आणि पाचव्याला नातीला पुढे बसवून आपण मागे सरून टाळ घेतला.